पोस्ट-स्टडी व्हिसा किती वर्षांचा, त्याआधी कंपनी कुठे अडते ते बघ

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा कळव्याला राहतो, ऐरोलीत टेस्टिंगमध्ये दोन वर्षं झालीत, हातात अमेरिकेतल्या दोन युनिव्हर्सिट्यांचे ॲडमिट आहेत (एक बिझनेस ॲनालिटिक्स, एक एमबीए) आणि यूकेतलं एक वर्षाचं एमएससी आहे. कर्ज अमेरिकेला पंचेचाळीस लाख, यूकेला त्याहून बरंच कमी, बाबांचा फ्लॅट तारण जाणार. आणि विचारलंय काय, तर "कुठल्या देशात पोस्ट-स्टडी वर्क व्हिसा जास्त वर्षांचा मिळतो?" वय चोवीस लिहिलंय म्हणून एकेरीत लिहितेय, राग मानू नकोस.

मी ठाण्यात नौपाड्यात बरीच वर्षं परदेशी शिक्षणाचं कौन्सेलिंग करते आणि हाच प्रश्न मला जवळपास प्रत्येक घरातून येतो, त्यात आईवडील जास्त विचारतात. उत्तर द्यायला सोपं आहे, वर्षं मोजायची आणि सांगायची. पण त्या उत्तराचा उपयोग होत नाही. कारण हा पोस्ट-स्टडी व्हिसा म्हणजे फक्त "तुला काम करायला कायद्याने हरकत नाही" एवढंच असतं. ट्रान्सहार्बरचा पास काढला म्हणून संध्याकाळी ऐरोलीला बसायला जागा मिळत नाही, तसंच हे. तुझा खरा प्रश्न असा पाहिजे की या देशात कुठल्या महिन्यात, कुठल्या टप्प्यावर कंपनीला माझ्यासाठी स्वतः काहीतरी करावं लागतं, म्हणजे फी भरणं, कागद करणं, ठरावीक पगार देणं, आणि तोपर्यंत माझ्याकडे किती वेळ आहे. तो टप्पा आला की पोरं अडकतात. त्याच्या आधी सगळं सुरळीत वाटतं.

अमेरिकेपासून सुरू करते कारण गुंता तिथेच जास्त आहे. डिग्री झाली की एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच ओपीटी मिळतं, म्हणजे शिकलेल्या विषयात काम करायची परवानगी, १२ महिने. कोर्स स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) यादीतला असेल तर आणखी २४ महिने. म्हणजे एकाच युनिव्हर्सिटीत, एकाच बिल्डिंगमध्ये शिकलेले दोघं, एकाला एक वर्ष आणि दुसऱ्याला तीन. फरक कशाने पडतो? आय-२० नावाचा जो कागद युनिव्हर्सिटी पाठवते ना, त्यावर कोर्सच्या नावाशेजारी एक सहा आकडी कोड असतो, त्याला सीआयपी कोड म्हणतात. साधं एमबीए बहुतेक वेळा ५२.०२०१ खाली येतं, ते स्टेम नाही. बिझनेस ॲनालिटिक्स ३०.७१०२ खाली असेल तर स्टेम. काही युनिव्हर्सिट्यांनी आपलं एमबीए ५२.१३०१, म्हणजे मॅनेजमेंट सायन्स, खाली नेलंय, मग ते एमबीए असूनही स्टेम. ब्रोशरमध्ये "स्टेम डेझिग्नेटेड" असं मोठ्या अक्षरात लिहिलं असलं तरी कधीकधी ते एखाद्याच कॉन्सन्ट्रेशनला लागू असतं, आणि पोराला कळतं दुसऱ्या सेमिस्टरला. म्हणून ब्रोशर बाजूला ठेव आणि दोन्ही ठिकाणी ॲडमिशन ऑफिसला सरळ ईमेल टाक की माझ्या आय-२०वर कुठला सीआयपी कोड येणार. एका ओळीचा ईमेल आहे. पंचेचाळीस लाखांचा निर्णय त्यावर फिरतो, कारण तीन वर्षं आणि एक वर्ष यातला फरक राहण्याचा नाहीये, लॉटरीत किती वेळा नाव टाकता येतं याचा आहे.

एच-१बी, म्हणजे ओपीटीनंतर कंपनीमार्फत मिळणारा कामाचा व्हिसा. त्याची लॉटरी दर मार्चला असते, वर्षाला ६५,००० जागा आणि अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी वेगळ्या २०,०००. नाव कंपनी टाकते, तू नाही. लागलं तर काम त्या व्हिसावर १ ऑक्टोबरपासून. आता मोज. तू या फॉलला गेलास, मे २०२८ला डिग्री झाली, स्टेम असेल तर २०२९, २०३० आणि २०३१ असे तीन मार्च तुला मिळतात. स्टेम नसेल तर एक, तोही जेव्हा तुला त्या मार्चच्या आधी अशी कंपनी मिळालीय जी नुकत्याच आलेल्या माणसासाठी नाव टाकायला तयार आहे. नवीन माणसाला सहा-आठ महिन्यांत कोण टाकतं नाव? काही टाकतात, पण मोठ्या कंपन्यांमध्येही मॅनेजर म्हणतो एक वर्ष बघू. ते "एक वर्ष बघू" स्टेमवाल्याला परवडतं.

यात दोन बदल झालेत ते नीट वाच, कारण व्हॉट्सॲपवर अर्धवट फिरतंय. सप्टेंबर २०२५ला जे एक लाख डॉलर फीचं प्रकरण आलं, ते नवीन एच-१बी अर्जांना आहे, पण नंतर ऑक्टोबरमध्ये त्यांच्या इमिग्रेशन खात्याने स्पष्ट केलं की अमेरिकेतच असलेला विद्यार्थी तिथल्या तिथे स्टेटस बदलत असेल, म्हणजे एफ-१वरून एच-१बीवर जात असेल, तर ती फी लागू नाही. म्हणजे आता ऐरोलीतून थेट एच-१बीवर जाणं जवळपास बंदच झालं असं धर, पण तिथे शिकलेल्याला दार अजून उघडं आहे. मात्र एक अट आहे जी घरच्यांच्या लक्षात येत नाही: स्टेटस बदलायचा अर्ज पेंडिंग असताना तू देश सोडलास तर तो बदल सोडून दिला असं धरतात आणि मग तू बाहेरचा उमेदवार झालास, एक लाख डॉलरवाला. म्हणून बहिणीचं लग्न मे-जूनमध्ये काढायचं असेल तर आधी त्याला विचारा, हे मी आता आयांना अगदी स्पष्ट सांगते. एका घरी हॉल बुक करून झाल्यावर कळलं, नवरीचा भाऊ लग्नाला व्हिडिओ कॉलवर होता.

दुसरा बदल म्हणजे २०२६च्या लॉटरीपासून सगळ्या नावांना सारखी संधी राहिलेली नाही. पगाराच्या चार लेव्हल असतात, पहिल्या लेव्हलवाल्याचं नाव एकदा, चौथ्यावाल्याचं चार वेळा टाकतात. फ्रेशर बहुतेक पहिल्या-दुसऱ्या लेव्हललाच असतो, म्हणजे त्याची शक्यता आधीपेक्षा कमी झाली. पण लेव्हल ही त्या कामाची आणि त्या भागातली असते, जो पगार बे एरियात पहिल्या लेव्हलला जातो तोच ओहायोतल्या एखाद्या शहरात वरच्या लेव्हलला बसू शकतो. कॅलिफोर्नियाच पाहिजे असा हट्ट असणाऱ्यांनी हे डोक्यात ठेवा. आणि युनिव्हर्सिट्या, त्यांना जोडलेली ना-नफा हॉस्पिटलं, ना-नफा रिसर्च संस्था यांना लॉटरी नाहीच, त्या कधीही अर्ज करू शकतात. पगार कमी असतो म्हणून आपली मुलं तिकडे बघतच नाहीत. हॉस्पिटलच्या डेटा टीममध्ये टेस्टिंगचा अनुभव असलेल्या माणसाला काम असतं, बघून ठेव.

आता ओपीटीतली मेख, इथे मी मुद्दाम थांबते कारण सगळ्यात जास्त फोन याच्यावर येतात. ओपीटी सुरू झाल्यावर तुला एकूण ९० दिवसच बेकार राहता येतं. स्टेम एक्स्टेन्शन मिळालं की त्यात ६० वाढतात, म्हणजे दोन्ही मिळून १५०. शनिवार-रविवार धरून मोजतात. आणि हे मोजणं तुझ्या ओपीटीच्या कार्डवर सुरुवातीची जी तारीख असते तिथून सुरू होतं, ती तारीख अर्जात तू मागायची असते. अर्ज कोर्स संपायच्या ९० दिवस आधीपासून करता येतो आणि संपल्यावर ६० दिवसांपर्यंत, पण डीएसओने, म्हणजे युनिव्हर्सिटीत परदेशी विद्यार्थ्यांचे व्हिसाचे कागद बघणाऱ्या अधिकाऱ्याने, शिफारस टाकल्यापासून ३० दिवसांत तो पोचला पाहिजे. सुरुवातीची तारीख कोर्स संपल्यानंतरच्या ६० दिवसांत कुठलीही निवडता येते. समज तुझा कोर्स १२ मेला संपतोय. घाईघाईत पोरं १३ मे टाकतात, वाटतं लवकर सुरू झालं तर बरं. मग नोकरी नसेल तर ९० दिवस १० ऑगस्टला संपतात. त्याऐवजी १० जुलै टाकली तर तेच ९० दिवस ७ ऑक्टोबरपर्यंत जातात, आणि ओपीटीचे बारा महिने पूर्णच मिळतात, काही कापलं जात नाही. फक्त १० जुलैच्या आधी जॉइन होता येत नाही एवढंच. मग हातात ऑफर असेल तर लवकरची तारीख, नसेल तर उशिराची, इतकं साधं आहे, पण कोणी सांगत नाही कारण अर्ज भरून देणाऱ्याचं काम अर्ज भरला की संपतं.

आठवड्याला किमान २० तास काम असेल तरच ते नोकरीत धरतात आणि काम शिकलेल्या विषयातलं पाहिजे. पहिल्या वर्षात विषयातलं बिनपगारी कामही चालतं, प्रोफेसरच्या लॅबमध्ये वगैरे, स्टेमच्या दोन वर्षांत मात्र पगारीच लागतं, कंपनी ई-व्हेरिफायमध्ये (कर्मचाऱ्याची कामाची परवानगी तपासायची सरकारी ऑनलाइन व्यवस्था) नोंदलेली लागते आणि आय-९८३ नावाचा ट्रेनिंग प्लॅन सही करून द्यावा लागतो. इथेच छोट्या कंपन्या मागे फिरतात. त्यांना तू आवडलेला असतोस, पण एचआरला ई-व्हेरिफाय काय ते माहीत नसतं. म्हणून इंटरव्ह्यूच्या दुसऱ्या राउंडलाच विचार, ऑफर आल्यावर नाही. आणि हो, शिकताना सीपीटीवर, म्हणजे कोर्स चालू असतानाच्या कामाच्या परवानगीवर, फुल-टाइम १२ महिने केलेस तर ओपीटी गेलंच, त्यामुळे इंटर्नशिप लांबवताना महिने मोज.

९० दिवस संपत आले की काही लोक भेटतात, आपलेच देशी असतात बऱ्याचदा, म्हणतात पैसे दे, आमच्या कंपनीत नाव दाखवतो, रेझ्युमेवर पाच वर्षांचा अनुभवही घालून देतो. त्यांच्या नादी लागू नकोस. कंपनीचं नाव, पत्ता, मॅनेजर सगळं सरकारी पोर्टलवर तुझ्या नावाने चढतं, आणि पुढे एच-१बीला, स्टॅम्पिंगला (पासपोर्टवर व्हिसा घेताना), ग्रीन कार्डला तोच इतिहास उघडतात. तेव्हा ती कंपनी कुठेच नसते, कागदावर तू असतोस.

आणखी एक बारीक गोष्ट. तिथल्या जवळपास प्रत्येक ऑनलाइन अर्जात दोन प्रश्न येतात. एक, तुम्हाला अमेरिकेत काम करायची परवानगी आहे का. दोन, आत्ता किंवा पुढे कधी स्पॉन्सरशिप, म्हणजे कंपनीने तुमच्यासाठी व्हिसाचा अर्ज करणं, लागेल का. ओपीटीवरच्या माणसाचं खरं उत्तर दोन्हीला "हो" असतं. दुसऱ्याला "हो" म्हटलं की बरेच अर्ज माणसाने बघायच्या आतच बाहेर पडतात. मग पोरं तिथे "नाही" टाकतात. टाकू नकोस, ऑफरनंतर उघडं पडलं की ऑफर जाते. त्यापेक्षा ओळखीतून, सीनियरच्या रेफरलने, करिअर फेअरला समोरासमोर जा, जिथे माणूस आधी भेटतो आणि फॉर्म नंतर. माझ्याकडून गेलेल्यांमध्ये नोकरी लवकर लागलेले बहुतेक असेच लागलेत, पोर्टलवर शेकड्यांनी अर्ज टाकणारे मागे राहिले. आणि पहिला करिअर फेअर सप्टेंबरात असतो, म्हणजे तू पोचून महिना झालेला असतो, जेट लॅग आणि भाड्याच्या घरातली भांडणं चालू असतात. तरी जायचं.

यूकेचं गणित वेगळं आहे. तिथे लॉटरी नाही, आणि ग्रॅज्युएट व्हिसावर (तिथला पोस्ट-स्टडी व्हिसा) असताना कंपनीला काही करावंच लागत नाही, कुठलंही काम चालतं. ऐकायला छान. पण १ जानेवारी २०२७पासून अर्ज करणाऱ्यांना तो दोन वर्षांऐवजी १८ महिन्यांचा मिळणार, फक्त पीएचडीवाल्यांना तीन वर्षं राहतात. तू या सप्टेंबरला गेलास तर कोर्स २०२७लाच संपणार, म्हणजे तुला १८ महिनेच धर, एजंट अजून दोन वर्षं सांगत असेल तर त्याला तारीख दाखव. त्यासाठी हेल्थ सरचार्ज वर्षाला १,०३५ पाउंड आधीच भरायचा, व्हिसाची फी वेगळी.

कंपनी कुठे अडते? १८ महिने संपल्यावर, स्किल्ड वर्करला, म्हणजे कंपनीने स्पॉन्सर केलेल्या कामाच्या व्हिसाला, जाताना. जुलै २०२५पासून साधारण पगाराची अट ४१,७०० पाउंड आहे, नव्याने लागणाऱ्यांना सवलतीत ३३,४००, शिवाय प्रत्येक कामाचा ठरलेला दर असतो, दोन्हीत जो जास्त तो द्यावा लागतो. आणि ती सवलत एकूण चार वर्षांचीच, त्यात तुझा ग्रॅज्युएट व्हिसाचा काळही मोजला जातो. कंपनीकडे स्पॉन्सर लायसन्स पाहिजे, अशा कंपन्यांची यादी सरकार उघड प्रसिद्ध करतं, कोणालाही बघता येते. मला वाटतं यूकेला जाणाऱ्या मुलाने घर शोधायच्या आधी ती यादी डाउनलोड करावी. कारण होतं काय, ग्रॅज्युएट व्हिसावर सहज मिळतंय म्हणून पोरं लायसन्स नसलेल्या कंपनीत किंवा वेअरहाउसमध्ये, स्टोअरमध्ये लागतात, वर्ष जातं, आणि मग सहा महिने उरलेत तेव्हा स्पॉन्सर शोधायला लागतात. त्यावेळी समोरच्या एचआरने तुझा शेअर कोड (व्हिसा ऑनलाइन तपासायचा सरकारी कोड) टाकला की तुझ्या परवानगीची शेवटची तारीख दिसते. सहा महिने दिसले की तो गप्प बसतो.

आणि एक वर्षाच्या एमएससीला अजून एक खोच आहे. मोठ्या कंपन्यांच्या ग्रॅज्युएट स्कीमचे अर्ज साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरला उघडतात, पुढच्या वर्षी जॉइन होणाऱ्यांसाठी. तू सप्टेंबरला पोचतोस, एकही मार्क हातात नाही, प्रोफेसरचं नाव पाठ झालेलं नाही, आणि त्याच वेळी अर्ज टाकायचे. जी मुलं इथूनच, जुलै-ऑगस्टमध्ये, सीव्ही तिकडच्या पद्धतीने करून ऑनलाइन टेस्टचा सराव करून जातात त्यांचं जमतं. तुझ्याकडे टेस्टिंगची दोन वर्षं आहेत हे तिथे तुझ्या बाजूने आहे, एमएससीच्या विषयापेक्षा तेच जास्त उपयोगी पडेल असं माझं मत.

तू विचारलं नाहीस पण जर्मनीचं थोडक्यात सांगते, कारण कर्ज कमी ठेवायचं असेल तर तो विचार झाला पाहिजे. डिग्रीनंतर १८ महिने नोकरी शोधायला मिळतात, त्या काळात कुठलंही काम चालतं, लॉटरी नाही, नव्या पदवीधराला ब्लू कार्डसाठी (तिथला नोकरीचा परवाना) २०२६ला साधारण ४५,९३४ युरोचा वार्षिक पगार लागतो. अडतं ते भाषेवर. इंग्रजीत शिकता येतं, पण इंग्रजीवर नोकरी मिळेलच असं नाही. बी-१ पर्यंत, म्हणजे मध्यम पातळीपर्यंत, जर्मन इथूनच करून जायची तयारी असेल तर जा. नाहीतर १८ महिने क्लासमध्येच जातात. कॅनडात पीजीडब्ल्यूपी, म्हणजे तिथला पोस्ट-स्टडी कामाचा परवाना, मास्टर्सला तीन वर्षांचा मिळतो, पण तो आयुष्यात एकदाच, आणि कॉलेजच्या डिप्लोमाला आता विषयाची यादी लागते, त्यामुळे तिथे डिप्लोमाने जाणाऱ्यांनी आधी यादी बघावी. तुझ्या केसमध्ये तो मुद्दा नाही.

आता कर्ज. याच्यावर मी जरा कडक बोलते. पंचेचाळीस लाख, व्याज साडेदहा टक्के धरलं आणि दहा वर्षांत फेडायचं म्हटलं तर हप्ता एकसष्ट हजारांच्या घरात येतो. शिकतानाचं व्याज भरलं नाहीस आणि ते मुदलात चढलं तर सत्तर हजारांच्या पुढे. बँक कोर्सनंतर सहा महिने, कुठे वर्षभर, थांबते. व्हिसाची घड्याळं आणि बँकेचं घड्याळ एकमेकांना ओळखत नाहीत. ओपीटीचे ९० दिवस संपून तू परत आलास तरी हप्ता सुरू होणारच, आणि तेव्हा ऐरोली-महापेत तुला जो पगार मिळेल त्यातून तो जाणार. म्हणून मी प्रत्येकाला एकच आकडा काढायला लावते: उद्या परत यावं लागलं तर इथल्या पगारातून हप्ता भरून घरात किती उरतात. बाबा अजून किती वर्षं नोकरीत आहेत ते पण त्यात लिही. फ्लॅट तारण आहे म्हणजे हा आकडा तुझा एकट्याचा नाही.

परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते पण सांगते. तुझं वय, दोन वर्षांचा अनुभव कागदावर नीट दाखवता येतो का, म्हणजे रिलीव्हिंग लेटर, पगाराच्या स्लिपा, पीएफ, हे सगळं. तुला टेस्टिंगमध्येच राहायचंय की ॲनालिटिक्सकडे जायचंय, कारण ओपीटीवरचं काम विषयाशी जुळावं लागतं. घरात दुसरा कमावता कोण आहे. आणि मधल्या काळात नियम बदलले तर, आणि ते बदलतात, तू जाशील तेव्हाचा नियम आणि डिग्री होईल तेव्हाचा नियम सारखा असेलच असं नाही. यूकेचंच बघ, दोन वर्षांचे १८ महिने झाले ते तिथे आधीच शिकत असलेल्यांपैकी बऱ्याच जणांनाही लागू होणार. म्हणून सगळ्यात चांगली शक्यता धरून कर्ज घ्यायचं नाही.

तुझ्याबाबतीत माझं आत्ताचं मत: एमबीए ५२.०२०१ खाली असेल तर ते पंचेचाळीस लाखांना करू नकोस, एका लॉटरीवर एवढी उडी नको. बिझनेस ॲनालिटिक्स खरंच स्टेमच्या कोडखाली असेल आणि कर्ज पस्तीस लाखांपर्यंत खाली आणता आलं, थोडे साठवलेले पैसे, थोडी असिस्टंटशिप, तर ते करण्यासारखं आहे. यूकेचं एमएससी मी दुसऱ्या नंबरला ठेवेन, आणि तेही जाण्याआधी लायसन्स असलेल्या वीसेक कंपन्या तुझ्या क्षेत्रातल्या, तू राहणार त्या शहरात, तुझ्या हाताने शोधून झाल्या तरच. सापडल्या नाहीत तर शहर चुकलंय.

ॲडमिशन ऑफिसला ईमेल आजच टाक, तिकडे सकाळ होते तेव्हा आपली संध्याकाळ असते, उत्तर एक-दोन दिवसांत येतं. दोन्ही कोड आले की इथेच लिही, आणि बँकेच्या सॅंक्शन लेटरमधला व्याजाचा दर फ्लोटिंग आहे की फिक्स्ड ते पण बघून लिही, मग हप्त्याचं परत मांडून देते.